म्हातारा खाली येतो

आरा मशीनवर राबणाऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो, कारण बारीक आवाज तिथं कुणाला ऐकूच जात नाही. या आरेवाल्याचा आवाज मशीन बंद असली तरी मोठाच असे. घरात जेवताना तो मीठ असं मागायचा की शेजारीण उठून आपली बरणी चाचपायची. छाती ही एवढी, मान बैलासारखी, आणि दोघांनी मिळून उचलायचा ओंडका एकट्यानं खांद्यावर घेतला तरी चालीत फरक नाही. गावात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. न्हाव्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्याला ‘मूळपुरुष’ म्हणत.

त्याचं कारण म्हणजे आगमनाचा खेळ. हे गाव वसवलं ते डोंगरापलीकडून आलेल्या अकरा घराण्यांनी. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी थंडी ओसरली की नदीकाठच्या मैदानावर त्यांचं येणं हुबेहूब करून दाखवत. उताराच्या माथ्यावरच्या झाडापासून गाड्या निघायच्या, बायामाणसं जुने कपडे घालून गाड्यांमागून चालायची, वाटेत भांडणं, तहान, रडारड. शेवटी खाली नदीकाठी येऊन म्होरक्या पहिल्या घराचा खांब रोवायचा. तो म्होरक्या म्हणजे मूळपुरुष. अकरा घराण्यांचे वंशज मांडवात खुर्च्यांवर बसून हे बघत. मागाहून पोटापाण्यासाठी आलेली माणसं दोरीपलीकडे उभी राहून बघत. तसा नियम कुणी केलेला नव्हता. पण दोरी दर वर्षी बांधली जाई आणि आपली जागा कुठली हे ज्याचं त्याला बरोबर कळे.

आरेवाला दोरीपलीकडचाच. त्याचा बाप लाकूड चिरायला म्हणून इथं आला आणि राहिला. आरेवाला ऐन विशीत असताना एका वर्षी असं झालं, की मूळपुरुषाचं काम करणाऱ्या गृहस्थाच्या कमरेत खांब उचलताना उसण भरली आणि तो सगळ्यांसमक्ष ‘आई गं’ म्हणत खाली बसला. मांडवात चुळबुळ झाली. एकानं हात लावून पाहिला, दुसऱ्यानं पाहिला, खांब हलेना. तेव्हा या पोरानं दोरीखालून वाकून आत उडी घेतली, खांब खांद्यावर टाकला, खड्ड्यापर्यंत नेला आणि धाडकन उभा केला. शिट्ट्या थांबेनात.

पुढच्या वर्षीपासून काम त्याच्याकडे आलं. ‘उपऱ्याला मूळपुरुष कसं करायचं?’ अशी कुरकुर झाली, नाही असं नाही. पण करणार काय? अकरा घराण्यांत आडनावं भरपूर होती, खांदे उरले नव्हते.

त्यानं दाढी वाढवली आणि मग बाराही महिने ठेवली. बाजारात जाताना तो रस्त्याच्या मधून चालू लागला. कुणाच्या घरी भांडण झालं तर न बोलावता जायचा आणि निवाडा द्यायचा. त्याची बायको मोठी तिखट होती, तोंडावर बोलत नसे, पण शेजारणीला म्हणायची, “बाहेर मूळपुरुष, घरात मूळव्याध. बसू देत नाही की उठू देत नाही.” शेजारणी पोट धरून हसायच्या. तीही हसायची. मग एका आजारपणात ती गेली, आणि घरात हसण्यासारखं बोलणारं कुणी राहिलं नाही. राहिली एकुलती एक मुलगी, ती बापासमोर मान खाली घालूनच मोठी झाली.

मुलीसाठी त्यानं घरजावई शोधला, तो मुद्दाम अकरा घराण्यांतला. घराणं पार खालावलेलं, वाडवडिलांचं सगळं विकून खाल्लेलं. मुलगा सरळ, अबोल, कामाला नवखा. आरेवाल्यानं त्याला आपल्याच लाकडाच्या गिरणीत कामाला लावलं. कामगारांसमोर तो त्याला ‘आडनाव’ म्हणायचा. “ए आडनाव, भुसा उचल! ए आडनाव, चहा सांग सगळ्यांना!” कामगार दात काढत. जावई मुकाट्यानं भुसा उचलायचा. त्याच्या पापण्यांवर बसलेला भुसासुद्धा तो पुसायचा नाही.

खेळात सगळ्यांना आवडायचा तो प्रवेश म्हाताऱ्याचा. अशी गोष्ट सांगत, की मूळपुरुषाचा एक चुलता होता, पायानं अधू. डोंगर उतरताना त्याच्यानं चालवेना. गाड्यांत जागा नव्हती, पाणी संपत आलं होतं. तेव्हा मूळपुरुषानं काळजावर दगड ठेवून त्याला माथ्यावरच्या झाडाखाली सोडलं आणि तो म्हणाला, “जो चालेल तो आपला. जो बसला तो रस्त्याचा.” हे वाक्य आरेवाला असं म्हणायचा की खालच्या मैदानावर बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. वर माथ्यावर भोंगा नव्हता. नुसत्या आवाजावर ते सगळ्यांपर्यंत पोचायचं.

म्हाताऱ्याचं काम कोल्ड स्टोरेजचा वॉचमन करायचा. बारका, चिवट माणूस. खेळात त्यानं मूळपुरुषाचे पाय धरायचे आणि मूळपुरुषानं ते सोडवून घ्यायचे, एवढंच होतं. आरेवाला पाय सोडवून घेत नसे, झटकत असे. तालमीतसुद्धा. एका वर्षी त्यानं असा झटका दिला की वॉचमन मागच्या दगडावर आपटला आणि त्याचं मनगट मोडलं. तो तसाच विव्हळत पडून राहिला, आणि लोकांना वाटलं काय काम करतोय म्हातारा! मागाहून समितीनं विचारलं तेव्हा आरेवाला म्हणाला, “खरं वाटायला नको का?” समितीला पटलं. लोकही म्हणाले की यंदाच्यासारखा प्रवेश आजवर झाला नाही. मनगट वाकडंच जुळलं.

असं वर्षामागून वर्ष चाललं होतं. आरेवाल्याची दाढी पिकली, ती त्या कामाला अधिकच शोभू लागली.

मग एके दिवशी सकाळी मशीनवर मोठं खोड चढवताना त्याचा डावा हात गळून पडला. हाताला काय झालं ते बघायला त्यानं मान वळवली, तर मान वळेना. काहीतरी ओरडायला गेला, तर तोंडातून भलताच आवाज आला. कामगारांना वाटलं, मूळपुरुष थट्टा करतायत. दोघंतिघं हसलेसुद्धा. जावयानं धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं, म्हणून तो पात्यावर पडला नाही.

दवाखान्यातून तो परत आला तेव्हा डावा पाय फरफटत होता, तोंडाचा कोपरा ओला राहत होता, आणि आवाज गेलेला होता. म्हणजे बोलता यायचं, पण ते जाड कापडाआडून आल्यासारखं. मीठ मागितलं तर मुलगी स्वयंपाकघरातून म्हणायची, “काय म्हणालात बाबा?” दुसऱ्यांदा मागितलं की यायची.

गिरणी जावयाच्या हातात गेली. तो सासऱ्याला पूर्वीसारखंच ‘मामा’ म्हणायचा. उलटून बोलणं नाही, आवाज चढवणं नाही. फक्त मामांनी काही विचारलं की तो हातातलं काम संपवायचा, हात धुवायचा, हात पुसायचा, आणि मग म्हणायचा, “काय म्हणत होतात?” तोवर मामा विसरलेले असत, किंवा विसरल्यासारखं करत. सकाळी त्यांची खुर्ची गिरणीच्या दारात मांडायची आणि उन्हं चढली की आत घ्यायची, हे ठरून गेलं. कामगार जाता-येता “काय मूळपुरुष, बरं आहे ना?” म्हणत आणि उत्तर यायच्या आत पुढं जात.

खेळाचे दिवस जवळ आले तसे समितीचे अध्यक्ष घरी आले. ते पेट्रोल पंपाचे मालक. अकरा घराण्यांतल्या पहिल्या घराण्याचे. येताना फळांची पिशवी आणली होती. मुलीनं खुर्ची दिली, चहा टाकला. जावई दारातच उभा राहिला.

“मूळपुरुष, तुमच्याशिवाय खेळ म्हणजे मीठ नसलेलं जेवण,” अध्यक्ष म्हणाले.

आरेवाल्याचा चेहरा उजळला. म्हणजे निम्मा उजळला. त्याला वाटलं, आता हे म्हणणार की तुम्ही बरे होईपर्यंत खेळ पुढं ढकलतो.

“म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलंय,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही खेळात असायलाच हवं. म्हाताऱ्याचं काम करा.”

स्टोव्हवर चहा उतू गेला त्याचा वास आला.

“आणि... मूळपुरुष?” आरेवाल्यानं विचारलं.

अध्यक्षांना कळलं नाही. मुलीनं आतून सांगितलं, “मूळपुरुष कोण, विचारतायत.”

“हे काय, तुमचेच जावई की! घरातल्या घरात राहिलं. आणि शिवाय,” अध्यक्षांनी जरा खाली वाकून, समजावल्यासारखं म्हटलं, “रक्ताचे आहेत हो ते. इतकी वर्षं लोकांनी चालवून घेतलं. खांबाची काळजी करू नका, या वेळी पोकळ करून घेतलाय.”

आरेवाल्यानं जावयाकडं बघितलं. जावई दाराच्या बिजागरीकडं बघत होता. मग त्यानं आतल्या दाराशी आलेल्या मुलीकडं बघितलं. तेव्हा त्याला दिसलं, की तिच्या हातात त्याचा मूळपुरुषाचा अंगरखा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू आत घेऊन झालेल्या आहेत. जावई सडपातळ होता.

“नाही,” तो म्हणाला. हा शब्द त्याला अगदी स्वच्छ म्हणता आला.

“तुमची मर्जी,” अध्यक्ष उठले. “आग्रह नाही. मग असं करू, तुम्हाला दोरीजवळ एक चांगली खुर्ची ठेवायला सांगतो. पलीकडच्या बाजूला, पण अगदी पुढं.”

ते फाटकापर्यंत गेले असतील नसतील, तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आरेवाला भिंतीला धरून उभा राहिला होता. “करतो,” तो ओरडला. अध्यक्षांना ऐकू गेलं नाही. जावयानं धावत जाऊन सांगितलं.

तालमी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हायच्या. बाकीचं सगळं जावयाला जमत होतं, पण म्हाताऱ्याच्या प्रवेशात तो ढेपाळायचा. समोर सासरा जमिनीवर बसलेला, उजव्या हातानं त्याचे पाय धरलेले, आणि याच्या तोंडून वाक्य असं निघायचं की जणू बसचं तिकीट मागतोय. “जो चालेल तो आपला, जो बसला तो रस्त्याचा,” असं पुटपुटून तो हळूच पाय काढून घ्यायचा. बघणाऱ्यांना जांभया येऊ लागल्या. अध्यक्ष डोकं धरून बसले.

तेव्हा आरेवाल्यानं स्वतःच शिकवायला घेतलं. इतकी वर्षं जे वाक्य आपलं होतं त्याची अशी माती झालेली त्याला बघवेना.

“माझ्याकडं बघ,” तो जावयाला म्हणाला. प्रत्येक शब्द तो ढकलून ढकलून बाहेर काढत होता. “डोळ्यांत बघ. तुला दया येतेय. दया आली की लोक कंटाळतात.”

“मग काय आणू मामा?”

“राग. हा म्हातारा... हा खाऊन बसलाय तुझं. ह्याच्यामुळं तुझी पोरं मरतील. असं धर.”

“धरतो.”

“नाही धरत. भुसा आठव.”

जावयाचा हात पापण्यांकडं गेला.

“भुसा आठव,” आरेवाला पुन्हा म्हणाला. “आडनाव म्हणायचो ना तुला? सगळ्यांसमोर? चहा सांगायला लावायचो. आता म्हण.”

जावयानं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि वाक्य म्हटलं. आजूबाजूला हालचाल करणारी माणसं थांबली. मग त्यानं पाय झटकला. आरेवाला कोपरावर पडला, कातडं सोललं.

“असं!” तो जमिनीवरूनच म्हणाला. त्याचा निम्मा चेहरा हसत होता. “असंच. पण पाय अजून जोरात.”

प्रत्यक्ष खेळाच्या दिवशी ऊन चांगलंच होतं. माथ्यावरच्या झाडाखाली अंगावर जुनं कांबळं घेऊन आरेवाला बसला. ठरलं होतं असं, की प्रवेश संपून सगळे खाली गेले की समितीची जीप मागच्या रस्त्यानं येईल आणि त्याला घेऊन मांडवात सोडेल. जीपचं कुणी बघायचं? जावयाला वाटलं अध्यक्षांनी सांगितलंय, अध्यक्षांना वाटलं घरच्यांनी सांगितलंय. आणि जीप होती ती पाहुण्यांना आणायला गेली होती.

गाड्या आल्या. बायामाणसं आली. आरेवाल्यानं पाय धरले. जावयानं वाकून, त्याच्या डोळ्यांत बघून, सावकाश वाक्य म्हटलं, आणि त्या आवाजात अशी काही धार होती की गाडीला जुंपलेला बैलसुद्धा कान टवकारून उभा राहिला. मग लाथ. ती छातीत बसली; तालमीत तसं ठरलेलं नव्हतं. उतारावर दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, बायकांनी डोळे पुसले, आणि सगळा लोंढा गाड्यांबरोबर खाली गेला.

आरेवाला श्वास धरून पडून राहिला. दुखत होतं, पण टाळ्याही त्यानं ऐकल्या होत्या. त्यातल्या निम्म्या आपल्या, असा त्यानं हिशेब केला.

खालून भोंग्याचा आवाज येत होता. खांब उभा राहिला. पोकळ खांब, त्याचा धाडकन आवाज झाला नाही. पाहुण्यांचं भाषण झालं. सावली सरकून त्याच्या अंगावरून निघून गेली. त्यानं मागच्या रस्त्याकडं बघितलं, परत बघितलं. लघवीला लागली होती. उठायला काठी हवी होती, आणि काठी त्या लाथेत घरंगळून पार खाली झुडपात गेली होती. शेवटी जे व्हायचं ते कांबळ्यातच झालं.

तेवढ्यात वॉचमन वर आला. यंदा त्याला गाडीवानाचं काम दिलं होतं. चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे वर राहिले होते, ते न्यायला तो आला होता.

“जीप निघाली का?” आरेवाल्यानं विचारलं.

“कसली जीप?”

“मला न्यायला.”

वॉचमननं ठोकळे काखेत मारले. “इतकी वर्षं मी इथं बसायचो, मूळपुरुष. जीप काही आली नाही कधी.”

“मग तू कसा यायचास?”

“पायांनी.” तो आरेवाल्याच्या पायांकडं बघत राहिला, ओल्या कांबळ्याकडं बघत राहिला. घाई नव्हती त्याला.

“हात दे,” आरेवाला म्हणाला.

वॉचमननं हात पुढं केला. वाकडं मनगट उन्हात नीट दिसेल असं फिरवलं. “हा? हा वजन घेत नाही.” आणि तो ठोकळे घेऊन निघून गेला. खाली जाऊन त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

मग आरेवाला उतरायला लागला. आधी बसून, बुडावर घसरत. दगड लागले, काटे लागले, विजारीची मागची बाजू फाटली. झुडपात काठी सापडली तेव्हा तो उभा राहिला आणि पाय ओढत चालू लागला. दोनदा पडला. एकदा तोंडावर. मैदानाशी पोचला तेव्हा दाढीत माती आणि पाचोळा, कांबळं मागून लोळतंय, आणि विजारीतून जे दिसू नये ते दिसतंय, अशी अवस्था होती.

मांडवात त्या वेळी अध्यक्ष बोलत होते. पूर्वजांनी किती सोसलं ते सांगत होते. आधी एका पोरानं बघितलं आणि ओरडलं, “म्हातारा आला!” माना वळल्या. आणि अध्यक्ष वाक्चतुर माणूस, त्यांनी भोंग्यातच म्हटलं, “वा! त्या वेळचा म्हातारा डोंगरावर मेला, आमचा म्हातारा मात्र बरोबर जेवायच्या वेळेला हजर!”

असा हशा पिकला की मांडवाचं कापड हललं. बँडवाल्याला चेव आला. आरेवाल्यानं पाऊल टाकलं की तो ढोलावर एक ठोका द्यायचा. पाऊल, ठोका. पाय ओढला की तो काठी ढोलावरून खर्रकन ओढायचा. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. दोरीपलीकडचे जास्त हसत होते.

मुलगी जेवणाच्या टेबलामागं वाढायला उभी होती. तिनं हातातला डाव खाली ठेवला आणि ती निघाली. अध्यक्षांच्या बायकोनं तिचा दंड धरला. “थांब गं. किती छान चाललंय!” मुलगी थांबली. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. तो गळ्यातल्या हारातली फुलं नीट करत होता. तिनं डाव परत उचलला.

आणि आरेवाला? तो मैदानाच्या मधोमध थबकला. ढोलवाल्याकडं त्यानं बघितलं, मांडवाकडं बघितलं, दोरीपलीकडं बघितलं. कुणाला वाटलं आता हा रडणार. त्यानं काठी वर केली, मूळपुरुष करायचा तशी, आणि पुढचं पाऊल ढोलाच्या ठोक्यावर टाकलं. मुद्दाम. टाळ्यांनी मैदान दुमदुमलं.

घरी आल्यावर मुलीनं गरम पाण्यानं त्याच्या पाठीवरचे काटे काढायला घेतले. मग म्हणाली, “बाबा, मला वाटलं जीप आली असेल.”

“सगळे उभे राहिले होते?” त्यानं विचारलं.

“काय?”

“टाळ्यांना. मांडवातले पण?”

“हो,” ती म्हणाली, आणि एक काटा जरा जोरातच ओढला.

पुढच्या वर्षी छापील कार्यक्रमपत्रिकेत खांबानंतर आणि जेवणाआधी एक नवी ओळ आली: ‘म्हातारा खाली येतो’. भाषण मधे नको म्हणून ते आधी उरकायचं ठरलं. उताराच्या दोन्ही बाजूंना पोरं जागा धरून बसू लागली. कुठल्या वळणावर पडेल यावर पैजा लागत. बँडवाल्यानं खास झांजा आणल्या. विजार मुलीनं आधीच फाडून, आतून दुसरं कापड लावून दिली, म्हणजे फाटलेली दिसेल पण लाज जाणार नाही. लोकांना ते कळलं आणि त्यांनी जरा नाकं मुरडली. पहिल्या वर्षीची मजा नाही, म्हणाले. तरी हसले.

आरेवाला जीव ओतून ते करू लागला. आपण खांब उचलायचो तेव्हा लोक नुसते बघायचे, आता हाका मारतात, असं तो गिरणीच्या दारात बसून कामगारांना सांगायचा. बाजारात पोरं त्याच्या मागून पाय ओढत चालायची. तो वळून काठी उगारायचा आणि पोरं पळाली की खूश होऊन पुढं जायचा. लोक आता त्याला ‘म्हातारा’ म्हणत. त्याही हाकेला तो ओ देई.

आणि काम चांगलं व्हावं म्हणून त्यानं सराव धरला. रोज सकाळी तो माथ्यावर जायचा. वर जायला त्याला आधी अर्धी सकाळ लागायची. पडणं कुठं, उठणं कुठं, थांबून काठी कुठं उगारायची, सगळं त्यानं बसवलं. पावसापाण्याचे दिवस सोडले तर खंड नाही. व्यायाम शिकवणारी बाई दवाखान्यातून यायची, ती चाट पडली. म्हणाली, “मी सांगून सांगून थकले तेव्हा पाय उचलला नाहीत. आता काय जादू झाली?”

जादू एवढीच, की पाय सुधारला. आधी टाच टेकायला लागली. मग गुडघा वाकायला लागला. तोंडाचा कोपरा कोरडा राहू लागला. तिसऱ्या वर्षी तो उतार उतरला तेव्हा एकदाही पडला नाही. पडायच्या जागी तो आठवणीनं पडला, पण हात टेकून, बेतानं. बँडवाल्याचे ठोके चुकू लागले, कारण पावलं भराभर पडत होती. मांडवात दोनचार जण हसले. बाकीचे जेवणाची पानं मांडली का ते बघत होते.

त्यानंतर महिन्याभरानं अध्यक्षांनी त्याला पंपावर बोलावलं. तो चालत गेला. काठी हातात होती, पण टेकत नव्हता. अध्यक्षांनी त्याला येताना काचेतून बघितलं आणि निःश्वास सोडला.

“बसा. तब्येत छान झाली हो तुमची.”

“देवाची कृपा.”

“तेच म्हणतो. आता आराम करा. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला दुसरं कुणीतरी बघतोय आम्ही. घड्याळं दुरुस्त करतो ना, कोपऱ्यावरचा? त्याचे दोन्ही गुडघे गेलेत.”

आरेवाल्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. “पण मला येतं ते,” तो म्हणाला. बोलणं आता पुष्कळ स्पष्ट झालं होतं. “सगळं बसवलंय मी.”

“तुम्ही फार नीट चालता.”

“मी लंगडेन.”

अध्यक्ष हसले. वाईट हसले नाहीत, कीव आल्यासारखं हसले.

“बघा तरी,” आरेवाला म्हणाला, आणि तिथंच, पेट्रोल भरायला थांबलेल्या गाड्यांच्या मधून, तो पाय ओढत चालून दाखवू लागला. तोंड वाकडं केलं. पडून दाखवलं. तेलकट जमिनीवर पडल्या पडल्या त्यानं मान वर करून विचारलं, “जमतंय ना?”

“उठा, उठा,” अध्यक्ष म्हणाले. “कपडे खराब होतील. लोकांना कळतं हो, नाटक आहे ते.”

मूळपुरुषाचं काम तरी परत मिळेल का, असं त्यानं जावयाकडून विचारवलं. जावयानं ते अध्यक्षांना विचारलं की नाही, कुणास ठाऊक. उत्तर काही आलं नाही.

पुढच्या वर्षी खेळ झाला तेव्हा आरेवाला उताराच्या मध्यावर, पोरांच्या गर्दीत उभा होता. घड्याळवाला वरून यायला लागला. खरोखरच त्याचे गुडघे गेलेले होते. दर पावलाला त्याचा चेहरा पिळवटत होता, आणि तो अशा वेड्यावाकड्या हेलकाव्यांनी येत होता की ढोलवाल्याला आयता ठेका मिळाला. लोक पोट धरून हसू लागले. आरेवाला त्याच्याकडं टक लावून बघत होता. घड्याळवाला अगदी जवळ आला, धडपडला, गवताला धरून उठायला लागला. शेजारच्या एका पोरानं हात पुढं केला होता.

“हात देऊ नका रे त्याला!” आरेवाला ओरडला. आवाज सगळ्या उतारावर गेला. “जो बसला तो रस्त्याचा!”

आजूबाजूला मोठा हशा उठला. आरेवाल्यानं टाचा उंचावल्या आणि खाली मांडवापर्यंत कोण कोण हसतंय ते बघू लागला.